गोठ्यातला मुक्काम

लेकीने सुट्टीसाठी हौसेने घर ठरवलं आणि मला कुठे जायचंय तेसुद्धा सांगितलं नाही. सरप्राइज आहे म्हणे. मला सरप्राइजांची चीड आहे. चाळीस वर्षं गुरांचा डॉक्टर होतो. अचानक आलेली गोष्ट चांगली निघाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

जुन्या गोठ्याचं कॉटेज केलेलं होतं. पांढऱ्या भिंती, गुबगुबीत गाद्या, गव्हाणीत चक्क पुस्तकं. लेक फोटो काढत सुटली. मी उंबऱ्यातच थबकलो. नवी फरशी घातली तरी जमिनीचा उतार तसाच होता, गव्हाणीकडून दाराकडे, मूत वाहून जाण्यासाठी ठेवलेला. याच उतारावर एकोणीस वर्षांपूर्वी मी तेवीस गायींना एकामागून एक मरणाचं इंजेक्शन दिलं होतं.

साथीचा संशय होता. रक्ताचे नमुने पाठवले होते, पण अहवाल येईपर्यंत थांबायचा धीर मला नव्हता. अहवाल नवव्या दिवशी आला. रोग नव्हताच. साहेब म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी फाइल कपाटात टाकली आणि कुलूपही मीच लावलं.

संध्याकाळी पाचला लेक फिरायला गेली. मी पुस्तक उघडलं आणि खोलीत कुणीतरी रवंथ करू लागलं. एक नव्हे, बऱ्याच जणी. मग शेपटीचा फटका, आणि धारेची वेळ झाली की गाय सोडते तो जड, ओला उसासा. पलंगाभोवतीची हवा उबदार झाली. मी घाबरलो, सरळ सांगतो. चपलाही न घालता बाहेर पळालो.

अंगणात मालकीणबाई वाळलेल्या चादरी काढत होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही. त्या दिवशी माझं तोंड मास्कने झाकलेलं होतं. माझा अवतार पाहून त्यांनी खुर्ची पुढे केली. सगळ्यांना नाही ऐकू येत म्हणाल्या, त्यांना मात्र रोज येतं. घड्या घालता घालता त्यांनी सगळं सांगितलं. सख्ख्या भावाने एक गाय दिली होती. रोग तिनेच आणला, म्हणून त्यांनी माहेर तोडलं. भाऊ दोनदा दारापर्यंत आला, पण त्यांनी कडी काढली नाही.

मी गप्प राहिलो असतो तर परवा सकाळी निघून गेलो असतो, कुणाला पत्ता लागला नसता. गप्प राहायची सवय तर होतीच. पण आत त्या उभ्या होत्या, तेवीसच्या तेवीस.

"ताई, तो डॉक्टर मी," मी म्हणालो. "तुमच्या भावाच्या गायीत रोग नव्हता. कुठल्याच गायीत नव्हता."

हे मला केव्हापासून माहीत आहे, एवढंच त्यांनी विचारलं. नवव्या दिवसापासून, मी सांगितलं. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हातातली चादर तशीच धरून पायरीवर बसल्या.

"भाऊ मागच्या महिन्यात गेला," त्या म्हणाल्या. "मला निरोप आला होता. मी म्हटलं, पाहुणे उतरलेत, यायला जमणार नाही."