सतरा नंबरचा बिल्ला

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, खडूशी माझी ओळखसुद्धा नाही. समुद्रात पोहणाऱ्यांच्या क्लबात, कपडे बदलायच्या खोलीबाहेर मी वीस वर्षे टांगलेला होतो. एका सुताराने मोडक्या होडीच्या लाकडातून मला घडवले आणि अंगावर चाळीस खिळे ठोकले. प्रत्येक खिळ्याला पत्र्याचा एक बिल्ला होता, एका बाजूने पांढरा, दुसऱ्या बाजूने लाल. पाण्यात उतरताना बिल्ला लाल करायचा, बाहेर आल्यावर पांढरा. ज्याचा बिल्ला त्यानेच उलटायचा, एवढा एकच नियम.

बचावाची होडी चालवणारा नावाडी शेवटी माझ्यासमोर उभा राही. सगळे बिल्ले पांढरे दिसल्याशिवाय तो होडी वर ओढत नसे. पाहुण्यांना तो मोठ्या कौतुकाने मला दाखवी. मी फुलून जाई. तसा खाऱ्या हवेने मी फुगलेलाच होतो म्हणा.

क्लबात दोघी बहिणी पोहायला येत. सतरा नंबर थोरलीचा, अठरा धाकटीचा. थोरली पोहण्यात पट्टीची, पण महाविसरभोळी. बाहेर आली की केस पुसत तडक चहा गाठायची आणि बिल्ला तसाच लाल राहायचा. धाकटी मागून येऊन, तिला नावे ठेवत, तो पांढरा करायची. नियम मोडत होता, पण बहिणी-बहिणींच्या मध्ये कोण बोलणार? नावाडी हसून सोडून देई. मलाही त्यात गंमतच वाटे. याची मला आज लाज वाटते.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सराव चालू असताना वारा फिरला आणि सगळ्यांना परत बोलावले. किनाऱ्यावर एकच धांदल उडाली. कोणी कयाक उचलत होते, कोणी सर्फबोर्डांमागे धावत होते. धाकटी कुडकुडत माझ्यापाशी आली. सतरा लाल होता.

"ही ताई काही सुधारायची नाही," असे पुटपुटत तिने तो उलटला.

थोरली तेव्हा खडकांपलीकडे पाण्यातच होती. मला ते कळत होते आणि मला तोंड नव्हते. नावाडी आला, त्याने चाळीसही बिल्ले नीट पाहिले आणि होडी ओढून घेतली. धाकटी चहापाशी ताईला शोधू लागली तोवर अर्धा तास गेला होता. थोरली दुसऱ्या दिवशी सापडली. तिच्यात जीव नव्हता.

नावाड्याने फळा पाहिलाच नाही, असे सगळे म्हणू लागले. मुलींची आई तर त्याचे तोंड पाहायला तयार नव्हती. आठवड्याने धाकटीने त्याला माझ्यासमोरच गाठले.

"काका, बिल्ला मी उलटला. आज आईला सांगणार आहे."

तो म्हणाला, "नको, पोरी. आईला आता तू एकटीच आहेस. तिला मलाच शिव्या देऊ दे."

त्याने होडीचे काम कायमचे सोडले. धाकटीने कोणाला सांगितले नाही आणि ती पुन्हा पाण्यातही उतरली नाही. मला उतरवून फाटक्या शिडांमागे टाकले आहे. इथेच कुजावे असे मला वाटते, माझी कीव करू नका.

मित्रांनो, तुमच्या किनाऱ्यावरही असा एखादा फळा असेल. त्याच्यावर विसंबू नका. माणसाला नावाने हाक मारा आणि त्याची ओ येईपर्यंत तिथून हलू नका.