शेवटचा रकाना

सोमवारी मावशींनी कागदखोलीतून चुकीची फाइल वर पाठवली. बुधवारी आणखी एक. दोन्ही वेळा वॉर्डातल्या सिस्टरच्या लक्षात आलं म्हणून निभावलं, नाहीतर एकाचं औषध दुसऱ्याच्या पोटात गेलं असतं. रुग्णालयात मावशींची तेवीस वर्षं झाली होती आणि असं कधी घडलं नव्हतं. गुरुवारी सकाळी त्यांनी आपणहून अर्ज दिला: नजर गेली आहे, मला या कामातून मोकळं करावं. रुग्णालयाच्या प्रमुख, मोठ्या बाई, त्यावर संध्याकाळी पाचला सही करणार होत्या.

टापटीपला यातलं काही ठाऊक नव्हतं. टापटीप म्हणजे रुग्णालयाचा संगणक सांभाळणारा. पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावतो, म्हणून हे नाव मावशींनीच त्याला ठेवलेलं.

संगणक एकच, वरच्या मजल्यावर. त्याच्या तारा चाळीसेक टेबलांपर्यंत गेलेल्या, आणि प्रत्येक टेबलावर एक पडदा आणि कळफलक. त्याला म्हणायचं टर्मिनल. टर्मिनलं काही एका वयाची नव्हती, एका घरची तर नव्हतीच. म्हणून कुठला पडदा कसा वागतो, ओळीत किती अक्षरं मावतात, याची एक यादी संगणकापाशी असे. यादीत प्रत्येक प्रकाराला नाव असे, आणि नाव ठेवायची एक रीत होती. टापटीपला ती मास्तरांनी शिकवली. मास्तर म्हणजे त्याच्या आधी ही यंत्रणा सांभाळणारे. ते जाऊन आता आठ महिने झाले होते.

"आधी टर्मिनलच्या खोक्याच्या पाठीवर छापलेलं नाव," मास्तर सांगत. "मग आडवी रेघ. मग त्याचं जे वेगळं असेल ते. टी७० हे साधं. ओळ लांब असेल तर टी७०-रुंद. चौदा अक्षरांच्या आत बसव. आणि माणसाचं नाव कधी घालू नकोस. माणसं बदलतात, खोकं तिथंच असतं."

नोंदीच्या सुरुवातीला एकाच टर्मिनलची दोन-तीन नावंही लिहिता येत, मध्ये उभी रेघ ओढून. त्यांतला शेवटचा रकाना मात्र वेगळा. तिथं सरळ वाक्य लिहायचं. संगणक त्यावरून काही करत नाही. तो वाचणाऱ्या माणसासाठी असतो.

गेल्या शनिवारी टापटीपनं यादी झाडायला घेतली. सात नावं रीत सोडून होती. त्यांतलं एक तर नुसतं 'मावशी'. मास्तरांनी आपलाच नियम मोडलेला बघून त्याला हसू आलं. सातही नावं त्यानं पुसली आणि त्या टेबलांना छापील नावं दिली. मावशींच्या वाट्याला आलं साधं टी७०. कुठं काही अडलं नाही. तो समाधानानं घरी गेला.

गुरुवारी तीनच्या सुमारास तो छपाईचा कागद न्यायला कागदखोलीत उतरला, तर मावशी खण रिकामा करत होत्या.

"आवराआवर कसली, मावशी?"

"दोन फायली चुकवल्या, सकाळी अर्ज दिला. नजर गेली रे. शनिवारपर्यंत शाबूत होती. सोमवारी आले तर पडद्यावरची अक्षरं मुंगीएवढी. तीन की आठ, उमगेना."

"सोमवारी?"

"एका रविवारात आटोपली. मला वाटायचं, डोळे निदान सांगून जातील." त्या थोडं हसल्या आणि जुना चष्मा रुमालात गुंडाळायला लागल्या.

टापटीपनं पडद्याकडे पाहिलं. ओळीत ऐंशी अक्षरं, त्याला स्वच्छ दिसणारी. कागद तिथंच टाकून तो वर पळाला. जुन्या यादीची प्रत त्यानं काढून ठेवलेली होती. 'मावशी' या नावापुढे उभी रेघ, आणि तिच्यापुढे मास्तरांची ओळ:

टी७०, पण ओळीत चाळीसच अक्षरं, दुप्पट रुंद. तात्पुरतं. मावशींना चष्मा लागू पडेपर्यंत.

खाली तारीख होती. अकरा वर्षांपूर्वीची.

नोंद गुपचूप परत घालता आली असती. मावशींना वाटलं असतं, देव पावला. पण दोन चुकलेल्या फायली त्यांच्या माथी राहिल्या असत्या, आणि अर्ज वर पोचला होता. त्यानं नोंद घातली. या वेळी नाव रीतीप्रमाणे, टी७०-४०. शेवटचा रकाना मात्र मास्तरांच्या शब्दांत, तारखेसकट. मग खाली येऊन म्हणाला, "मावशी, एकदा बाहेर पडून पुन्हा आत या. पडद्यावर."

त्यांनी तसं केलं. अक्षरं आली, ठसठशीत. मावशींनी एक क्रमांक मोठ्यानं वाचला. मग दुसरा. मग तिसरा.

टापटीपनं उभ्यानंच सगळं सांगितलं. मधे कुठं 'पण' घातला नाही.

"म्हणजे चार दिवस मी समजत होते की मी आंधळी झाले," मावशी म्हणाल्या. "झाला होतास तू."

"हो."

"मास्तर मला एवढंच म्हणाले होते, खोकं दुरुस्त केलंय. मी म्हटलं, बरं." त्यांनी पदरानं पडदा पुसला. तो स्वच्छच होता.

"तुमचा अर्ज मी परत आणतो."

"नको. माझा मी मागं घेईन. तुझा तू लिही."

पाचला दोघं मोठ्या बाईंसमोर उभे राहिले. बाईंनी टापटीपचा कागद दोनदा वाचला. "नाव नियमाबाहेरचं होतं ना? मग तू नियमानंच वागलास."

"नाव नियमाबाहेरचं होतं, बाई. शेवटचा रकाना नियमातला होता. तो मी वाचला नाही."

बाईंनी मावशींचा अर्ज परत दिला आणि टापटीपचा ठेवून घेतला. "या दोन फायलींपुढं कुणाचं नाव लिहायचं, ते कळलं," एवढंच म्हणाल्या.

सुटी झाली होती, पण टापटीप घरी गेला नाही. उरलेली सहा नावं त्यानं कागदावर उतरवून घेतली आणि जिना उतरला. पहिलं नाव होतं 'खिडकी'. औषधांच्या खिडकीशी बसणारे भाऊ डबा पिशवीत भरत होते.

"भाऊ, सोमवारपासून पडद्यावर काही वेगळं दिसतंय का?"

भाऊंनी मान वर केली. "दिसतंय की. पण म्हटलं, आपल्यातच काहीतरी बिघडलं असेल."

टापटीपनं खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसला.