पेंबर्टनने निघायला हवं होतं

"पेंबर्टनने निघायलाच हवं होतं! गाव जाऊ द्यायचं, फौज वाचवायची!" हार्लन प्युविटने टेबलावर मूठ आपटली आणि माझ्या बटाट्याच्या सॅलडमधला चमचा खाली पडला.

व्हिक्सबर्गमध्ये, चर्चच्या तळघरात, दर उन्हाळ्यात हा वाद रंगतो. गुलामगिरीवरून पेटलेल्या अमेरिकेच्या यादवी युद्धात आमच्या गावाला वेढा पडला तेव्हा दक्षिणेच्या सेनापतीला, ह्या पेंबर्टनला, एक वरिष्ठ सांगत होता, गाव धरून ठेव. दुसरा सांगत होता, निघून ये. त्याने गाव धरलं. गावही गेलं, फौजही गेली. हे लोक अजून भांडतात, मी जेवण वाढते.

"मिस लुएला, तुमचं काय मत?" कोणीतरी चेष्टेने विचारलं.

"माझी खापरपणजी इथेच गुलाम होती. ती म्हणाली असती, बाबांनो, जरा लवकर हरा."

हशा झाला, पण थोडा उशिरा.

मग मतासाठी हात वर झाले आणि हार्लन, आमचा निवृत्त पोस्टमन, पहिल्यांदाच जिंकला. त्याची मुलगी डार्लीन दारात उभी होती.

"जिंकलात ना बाबा? मग निघा आता. नगरपालिकेने शुक्रवारपर्यंत घर रिकामं करायला सांगितलंय."

त्याचं घर माझ्या शेजारी, नदीवरच्या कड्याला. इथली माती उभी कापली तर पिढ्यान् पिढ्या उभी राहते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण बायको गेल्यावर ह्याने मागची दरड लढाईतल्या मातीच्या तटबंदीसारखी देखणी उतरती केली. पावसाने ती धुऊन नेली. आता स्वयंपाकघराखाली तडा गेलाय.

"ते वेगळं," हार्लन म्हणाला. "पेंबर्टनकडे वाचवायला फौज होती. माझ्याकडे काय आहे?"

"मी नाही का?"

हार्लन हळूच म्हणाला, "तुझ्या आईला शब्द दिलाय गं, घर सोडणार नाही म्हणून."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. शेजार तुटू नये असंही वाटत होतं, आणि तो तडा मी डोळ्यांनी पाहिला होता. मी सॅलड झाकून ठेवलं.

गुरुवारी दुपारी स्वयंपाकघराची भिंत दरीत गेली. हार्लन पुढच्या ओसरीवर बसला होता म्हणून वाचला.

शुक्रवारी डार्लीन गाडी घेऊन आली. मागून घर सताड उघडं. खालची नदी दिसत होती. तरी हार्लनने पुढच्या दाराला कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

"कोणी आलं, तर सांगा…"

पुढे काय सांगायचं ते त्यालाही कळेना. मी "बरं" म्हटलं.