टाकीच्या बेचाळीस पायऱ्या

मी गुडीहत्नूरच्या पुढच्या एका गावातली पाण्याची टाकी बोलतेय.

मला बांधलं त्या दिवशी बायांनी माझ्या खांबांना हळदकुंकू लावलं आणि प्रत्येक घरानं आपल्या विहिरीचं तांब्याभर पाणी माझ्यात ओतलं. तेव्हापासून सारं गाव माझ्या पोटात आहे. पाणी सोडायचं काम उत्तमरावांकडे. दर आठवड्याला ते माझ्या बेचाळीस पायऱ्या चढून जंतू मारायची पावडर टाकतात. अकरा वर्षं झाली.

यंदा सरपंचाची निवडणूक लागली आणि गावाच्या ग्रुपवर मेसेज आला, 'टाकीत मत फिरवायचं औषध टाकतात.' झालं! माझ्याच सावलीत, एकाच ओट्यावर मांडीला मांडी लावून बसलेली माणसं मोबाइलमध्ये भांडू लागली. चाळीस हजार लिटर पेलणारी मी, त्या बिनवजनी ओळीनं हादरले. बाया घागरी घेऊन नाल्यावर जाऊ लागल्या. उत्तमरावांच्या घरचा चहा लोकांनी सोडला.

त्यांची मुलगी अर्पिता पुण्याहून शिकून आलेली. ग्रुपवर ती एकटी सगळ्यांशी भिडली. त्या मेसेजचा फोटो काढून, त्याच्या खाली लाल फुली मारून आणि 'हे खोटं आहे' असं लिहून तिनं तो आजूबाजूच्या गावांच्या आणखी चार ग्रुपवर टाकला.

चौथ्या दिवशी किराणावाले लक्ष्मणराव मोबाइल नाचवत ओट्यावर आले. "पाह्य, उत्तम! नार्नूरलेबी हाच मेसेज फिरून राह्यला. तिकडचे लोक काय येडे हायत?"

"अकरा वर्सं म्या तुमाले औषध पाजलं का गा, लक्ष्मण?" उत्तमरावांचा आवाज फाटला.

शेजारी उभ्या अर्पितानं लक्ष्मणरावांचा मोबाइल हातात घेतला. फोटोच्या कोपऱ्यात लाल रेघेचं टोक उरलं होतं. ती गप्प राहिली असती, तर कोणाला कळलंही नसतं.

"काका, नार्नूरच्या ग्रुपवर हा मीच टाकला. हे माझ्या फुलीचं टोक. फुली आणि लिहिलेलं कोणीतरी कापलं. पण पसरवला मीच."

लक्ष्मणरावांनी ते टोक निरखलं. मग म्हणाले, "तू कदी वर चढून पाह्यलं का?"

"नाही. तुम्ही?"

"मीबी नाई. चाल मंग."

उत्तमरावांनी माझ्या झाकणाची किल्ली दिली. दम खात, कठड्याला धरत दोघं वर आले. माझं झाकण उघडलं. आत सगळं आभाळ उतरलं होतं. लक्ष्मणराव पाहतच राहिले. मग त्यांनी ओंजळ भरली, प्याले, आणि खाली ओरडले, "मत तं काई फिरलं नाई अजून! उत्तम, चहा ठेव गा!"

कितीतरी वादळं मी पाहिली. पण भरल्या ओट्यावर 'पसरवला मीच' म्हणणारी ती पोरगी पाहिली, तेव्हा मात्र माझ्या पोटातलं पाणी क्षणभर थांबलं.

ग्रुपवर भांडणं अजून चालतात. चालू द्या. फक्त पुढं पाठवण्याआधी एकदा वर या. किल्ली उत्तमरावांकडे आहे. मागितली की देतात.