बाजेखालची शेगडी

मी शेगडी आहे. आमच्यासारख्या वस्तूंनी आपली सेवा अभिमानाने सांगावी, अशी रीत आहे. मला ते जमणार नाही. मी सांगणार आहे ते लाजेने.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा डांबराची रिकामी पिपे जागोजाग पडलेली असत. शेजारच्या जामुल गावातल्या टिकारामने त्यांतले एक कापले, आत जाळी बसवली, मातीचा लेप दिला, आणि मी झाले. कारखान्यात नोकरीला लागलेल्या गुलाबने मला विकत घेऊन सेक्टरमधल्या नव्या क्वार्टरमध्ये आणले. घरात तिघे: गुलाब, त्याची बायको सिंधू आणि साकोलीकडच्या गावाहून आलेली त्याची आई ठकूबाई.

ठकूबाईने जन्मभर गोवऱ्या आणि लाकडे जाळली होती. धूर कोंडला, डोळे चुरचुरले, की ती दार उघडी. इथे गुलाब बाजारातून कोक, म्हणजे भट्टीत भाजून काढलेला दगडी कोळसा, आणी. तो लालबुंद पेटे आणि धूर मुळीच दिसत नसे. ठकूबाई शेजारच्या राधाबाईला सांगे, "धूर नाही, काजळी नाही. माह्या सुनेपेक्षा गुणाची हाय थे!"

"मंग भाजी बी तिलेच चिराले सांगा, आत्या," सिंधू आतून सासूला म्हणे.

त्या कौतुकाने मी फुगत असे.

एकसष्ट सालच्या पौषात सिंधूला मुलगा झाला. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची, ही ठकूबाईच्या घरची चाल. नवव्या दिवशी दुपारी, न्हाणे आटोपून मायलेकरे झोपल्यावर, तिने मला बाजेखाली सरकवले. वारा लागू नये म्हणून दार लावले, खिडकीच्या फटीत फडकी कोंबली आणि बाहेर उन्हात तांदूळ निवडायला बसली. तिच्या मनात मायेखेरीज काही नव्हते. गावच्या कौलांतून वारा खेळत असे. इथे वर सिमेंटचे छत होते. पण धूर दिसत नव्हता, म्हणून दार उघडण्याचे तिला कारण नव्हते.

मी जळत राहिले. जळण्याखेरीज मला काही येत नाही.

ठकूबाई आत आली तेव्हा बाळाचे गाल गुलाबी दिसत होते. "शेक मानवला लेकराले," ती म्हणाली. मग तिने त्याला उचलले.

सिंधूला हलवून हलवून जागे करावे लागले. उठली ती डोके धरून ओकू लागली. राधाबाई हळूच म्हणाली, "झोपेत अंगाखाली आलं असंल, बाई." कुणी अधिक चौकशी केली नाही. बाळाला अजून नाव मिळाले नव्हते. त्याच्या मरणाला मात्र तासाभरात कारण मिळाले. ठकूबाई पुढे एकदाच बोलली, "आमी सहा लेकरं वाढवली. एक बी अंगाखाली नाही आलं." बाळ आपल्याच अंगाखाली गेले, हे सिंधूने खरे मानले. तेव्हापासून ती आडवी होऊन झोपली नाही. भिंतीला टेकून, बसल्या बसल्या डोळे मिटी.

मला सारे ठाऊक होते, आणि तिच्याच हातून मी रोज पेटवून घेत होते.

दोन वर्षांनी, पौषातच, मुलगी झाली. सिंधू म्हणाली, "लेकरू माह्याजवळ नोका ठेवू, आत्या. तुमच्यापाशी घ्या. मले माह्या झोपेचा भरोसा नाही." पाजण्यापुरती ती मुलीला घेई आणि लगेच परत देई. पाचव्या दिवशी दुपारी ठकूबाईने नातीला आपल्या बाजेवर घेतले, मला खाली सरकवले आणि दार लावले. सिंधू आतल्या खोलीत होती. थोड्याच वेळात ठकूबाईला डुलकी लागली. मी विझावे म्हणून किती तळमळले, ते सांगून उपयोग नाही. मी विझले नाही.

गुलाबची नुकतीच कोक ओव्हनमध्ये, म्हणजे कारखान्यात कोक तयार होतो त्या भट्ट्यांवर, बदली झाली होती. पहिली पाळी करून तो आला, दार ढकलले आणि ओरडला, "माय, ऊठ! बाहीर हो!" उघड्या हातांनी त्याने मला अंगणात ओढले. तळव्यांची कातडी माझ्या कडीला चिकटली. मुलगी रडली, तेव्हा कुठे तो खाली बसला.

"काय झालं रे तुले? धूर तरी हाय का?" ठकूबाई म्हणाली.

"धूर नाही, तोच घात हाय, माय. मारोतराव फोरमननं आमाले दहा बार सांगतलं. कोकचा गॅस दिसत नाही. बंद खोलीत माणूस झोपल्या झोपल्या जाते." तो आईकडे वळला. "त्या दिवशी दार...?"

"लावलं होतं. म्याच लावलं होतं."

"अन् कोक म्या आणला होता."

सिंधू आतल्या दारात उभी होती. "मंग मी नोहे?" तिने विचारले. "सांगा ना, आत्या. मी नोहे?"

"तू नोहे, पोरी. मी होय."

ठकूबाईने हात जोडले. सिंधूने त्या जोडलेल्या हातांकडे पाहिले नाही. तिने मुलीला घेतले, कुशीत धरून आडवी झाली आणि दिवस मावळेपर्यंत गाढ झोपली. तेवढा वेळ ठकूबाई उघड्या दाराला पाठ लावून गारठ्यात बसून राहिली. ते पुन्हा लागू नये म्हणून.

आता मी क्वार्टरच्या मागे गंजत पडले आहे. भंगारवाला विचारून गेला, तेव्हा ठकूबाई म्हणाली, "राहू दे. मले दिसत राहू दे." सिंधू माझ्याकडे पाहत नाही, आणि ते योग्यच आहे. क्षमा मागण्याचा अधिकार मला नाही; विनंती मात्र करते. माझ्यातून धूर निघत नाही, एवढ्यावरून माझ्यावर विश्वास ठेवू नका. आणि एखाद्या आईच्या झोपेला दोष देण्याआधी, दार बंद होते का, एवढे तरी विचारा.