शेजारची खुर्ची

मीरा रोडच्या एका डायलिसिस सेंटरसाठी निशिगंधाची कंपनी अ‍ॅप बनवत होती. अ‍ॅपमध्ये आधी काय घ्यायचं, काय मागे ठेवायचं, हे ठरवणं तिच्याकडे होतं. म्हणजे रोज कुणाला तरी 'आत्ता नाही' म्हणणं. सेंटरचे मॅनेजर निकेत, त्यांना रिपोर्ट हवे होते, डॉक्टरांना आलेख, आणि सगळ्यांनाच घाई.

त्यात संपदा सिस्टरांचा फोन आला. "आत्मारामकाकांना खिडकीजवळचीच खुर्ची हवीये. तुमचं अ‍ॅप खुर्च्या आपोआप वाटायला लागलं, तेव्हापासून ते रुसलेत. दोनदा आलेच नाहीत."

डायलिसिस चुकवणं म्हणजे जिवाशी खेळ. निशिगंधा स्वतःच गेली.

आत्माराम रिटायर्ड बस ड्रायव्हर, अंगाने आडदांड. "खिडकी द्या, बास," ते म्हणाले.

"बाहेर बघायला आवडतं?"

"बाहेर काय? समोरच्या बिल्डिंगचे पाइप."

"मग?"

संपदा सुई घेऊन आली तशी आत्मारामांनी मूठ आवळली, चेहरा पार उतरला. आज खिडकी मिळालेल्या उत्तन कोळीवाड्यातल्या शेवंतीबाईंनी लांबूनच हाक मारली, "आत्माराम, इकडं बघ! काल जाल्यात काय गावलं, सांगते!" पण मध्ये यंत्रं घरघरत होती, पुढचं काही ऐकूच आलं नाही.

"आधी आम्ही दोघं तिथं शेजारी बसायचो," आत्माराम हळूच म्हणाले. "ती बोलत असली की सुई कधी टोचली कळायचं नाही. या वयात सुईला घाबरतो, हे कुणाला सांगू, पोरी?"

निशिगंधाने त्याच दुपारी निकेतना सांगितलं, की आधी शेजारी निवडायची सोय, मग रिपोर्ट.

"दोन पेशंटच्या गप्पांसाठी?" ते वैतागले.

"काका यायचेच बंद झाले तर रिपोर्टमध्ये कुणाचं नाव दाखवायचं?"

निकेत म्हणाले, "बरं. करा."

नवी सोय सुरू झाली त्या दिवशी निशिगंधा मुद्दाम आली. शेवंतीबाई हातवारे करत सांगत होत्या, आत्माराम हसत होते, सुई केव्हाच लागली होती.

तिला पाहताच शेवंतीबाईंनी जवळ बोलावलं. "माजंबी एक काम हाय. याचा नि माजा डायलिसिसचा वार येकच हाय, तो कंदी बदलू नको."

"का हो मावशी?"

त्यांनी पदर सारखा केला. "घरात माजं बोलनं आयकायला कुनाला टाइम न्हाय गो."