फोटोपुरतं पाणी

"एक हंडा पाणी मिळेल का हो, आजी?" फिटरने विचारलं आणि त्याचं त्यालाच कसंसं झालं. नळ बसवायला आलेल्या माणसानेच पाणी मागायचं!

आजी खळखळून हसली. "पाणी आमच्याकडे मागतोस? मग तू काय घेऊन आलास रे?"

"तोटी."

त्यात खोटं काही नव्हतं. तोटी आली होती, पाइप आला होता, सिमेंटचा ओटाही झाला होता. राहिली होती ती फक्त टाकी, आणि तिच्यात यायचं पाणी. पण साहेबाला वाहत्या नळाचा फोटो आजच हवा होता. यावर फिटर मंडळींचा तोडगा ठरलेला: भिंतीमागे पाइपच्या उघड्या तोंडात हंडा ओतायचा, की पुढे तोटीला धार लागते. ती सरायच्या आत फोटो. रानातल्या वस्तीची पाण्याची तक्रार कायमची मिटते, निदान कचेरीत तरी.

सून नुकतीच दरीतल्या झऱ्यावरून चढून आली होती. धापा टाकतच तिने हंडा पुढे केला. आजीने तोटीखाली घागर लावली, म्हणजे पाणी फिरून घरातच. "फुकट नाही जाऊ द्यायची मी!"

धार लागली. आजीने पदर सावरला, सुनेला शेजारी ओढलं. फोटो झकास आला. मोबाइलला रेंजही होती. पाणी सोडून सगळं वस्तीवर पोचलं होतं. फोटो गेला, साहेबाचं "शाब्बास"ही आलं.

सुनेने घागरीतलं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. "ह्याला वास कसला?"

फिटरने घागरीला नाक लावलं. पाइपचे सांधे त्याने सकाळीच सोल्युशन लावून चिकटवले होते. इतकी वर्षं तो असे हंडे ओतत आला होता. ते पाणी कुणाला प्यायचं असतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"पिऊ नका ते. ओतून टाका."

सुनेने रिकामा हंडा उचलला.

"द्या, मी आणतो."

"राहू द्या दादा. पाय घसरेल तुमचा." ती दरीकडे वळली.

"जाऊ दे तिला," आजी म्हणाली. "आजचाच काय तो त्रास. उद्यापासून नाही ना पाठवायचं?"

फिटरने मान खाली घातली. "पाठवा, आजी. उद्याही पाठवा."

 आजी ओट्यापाशी गेली आणि कोरडी तोटी घट्ट पिळून बंद केली.